तयारी न करता पिल्लू घरी आणलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवस, दिवाळी, मुलांची मे महिन्याची सुट्टी, नाहीतर कुणीतरी "ठेवता का?" म्हणत हातात ठेवलेलं. पुष्कळ घरांत कुत्र्याचं पिल्लू आधी येतं आणि प्रश्न नंतर सुरू होतात. खालची उत्तरं साधारण दीड ते चार महिन्यांच्या पिल्लांसाठी आहेत. पिल्लू मलूल असेल, ओकत असेल किंवा शीत रक्त दिसत असेल तर बाकी काही वाचत बसू नका. थेट प्रश्न १० पाहा आणि डॉक्टरांना फोन लावा.

१. काल रात्री अचानक पिल्लू घरी आलं. तयारी काहीच नाही. आज सगळ्यांत आधी काय करायचं?

अख्खं घर मोकळं सोडू नका. एक खोली किंवा हॉलचा एक कोपरा त्याला द्या. मग स्वतः गुडघ्यांवर बसून, त्याच्या उंचीवरून ती जागा बघा. चार्जरच्या वायरी, कपाटाखाली गेलेली डांबरगोळी, मच्छर कॉइल, उंदराचं औषध, मुलांच्या खेळण्यातले सुटे सेल, सुतळी, सेफ्टी पिना हे सगळं उचला. गॅलरीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं गेलं की मागून धडही जातं, म्हणून खालचा दीड-दोन फूट भाग जाळीनं बंद करा. आज जाळी मिळणार नसेल तर गॅलरीचं दार बंद ठेवा. कुंड्यांपैकी कण्हेर, अडेनियम आणि सायकस लगेच हलवा. ह्या तिन्ही जिवावर बेतणाऱ्या आहेत. मनीप्लांट चावला तर तोंडाची आग होते आणि लाळ गळते.

मग ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांना फोन करा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: जन्मतारीख, आजवरचं खाणं (काय आणि दिवसातून किती वेळा), आणि कोणती लस किंवा जंताचं औषध कोणत्या तारखेला दिलं. डॉक्टरांकडे २४ ते ४८ तासांत जायचं आहे. जाताना ताज्या शीचा नमुना छोट्या डबीत न्या.

आणखी एक, हे मनापासून सांगणं आहे: पहिले तीन दिवस शेजारीपाजारी, भाचे-पुतणे कुणालाही पिल्लू बघायला बोलावू नका. आठ आठवड्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. दहा जणांनी उचललं आणि दहा प्रकारचं भरवलं, की ना झोप पूर्ण होते ना पोट ठिकाणावर राहतं. जुलाब, चावे, रात्रीचं रडणं ह्या पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याचशा तक्रारी लाडाच्या अतिरेकातूनच येतात.

२. दुकानातून काय काय आणावं लागेल?

दोन जड, उथळ वाट्या (घरातल्या स्टीलच्याही चालतात, फक्त सरकू नयेत म्हणून खाली रबर लावा), मऊ पट्टा आणि हलकी दोरी, पिल्लांसाठीचं कोरडं खाणं, चावायला रबराचं एक खेळणं, शी-शूचा वास घालवणारं एन्झाइमचं द्रव, आणि एक पिंजरा किंवा कुंपण. पिंजऱ्यात पिल्लू उभं राहू शकेल, गोल फिरू शकेल, पाय पसरून झोपू शकेल एवढी जागा हवी. फार मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत, आणि हे दर आठवड्याला तपासा, कारण मान वाढत असते. गादी विकत आणू नका. जुनी गोधडी किंवा सुती साडीची घडी पुरते आणि धुताही येते. लोखंडी साखळी नको.

३. विकणाऱ्यानं पिल्लू ४५ दिवसांचं आहे असं सांगितलं. चालतं ना?

बाजारात ते सर्रास चालतं, पण कायद्यात बसत नाही. श्वान प्रजनन व विपणनासंबंधीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ह्यामागे कारण आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा चुकलेली पिल्लं घरी आल्यावर जास्त कडक चावतात.

पिल्लू आधीच घरात आलं असेल आणि आई जवळपास असेल, तर दोन आठवडे परत आईजवळ ठेवता येईल का ते विचारा. शक्य नसेल तर वय डॉक्टरांकडून दातांवरून तपासून घ्या. सांगितलेलं वय आणि दात जुळत नाहीत असं बऱ्याचदा निघतं, आणि लशीचं वेळापत्रक (प्रश्न ८) खऱ्या वयावर ठरतं.

४. दूध-पोळी दिली आणि जुलाब लागले. मग द्यायचं तरी काय?

गाईम्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, म्हणून दूध बंद करा. पहिला आठवडा तरी आधी जे खात होतं तेच द्या, भले ते तुम्हाला हलकं वाटलं तरी. मग सात-आठ दिवसांत बदल करा: पहिले दोन दिवस पाव भाग नवीन, पुढचे दोन दिवस निम्मं, नंतर पाऊण, मग पूर्ण. कोरडं खाणं कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवून द्या. साधारण चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. वीस मिनिटांत संपलं नाही तर वाटी उचला. माप पाकिटावरच्या तक्त्यातून घ्या, पण त्यात मोठेपणीचं अपेक्षित वजन बघायचं असतं की आजचं, ते नीट वाचा. चूक इथंच होते आणि पिल्लू दुप्पट खातं.

जुलाब आहेत पण पिल्लू खेळतंय, पाणी पितंय, ओकत नाही, अशा वेळी मऊ भात दोन भाग आणि मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं बिनहाडाचं चिकन एक भाग, थोडंथोडं चार-पाच वेळा द्या. मोठ्या कुत्र्याला एक दिवस उपाशी ठेवतात तसं पिल्लाला ठेवू नका. त्याची साखर लवकर उतरते, आणि पॉमेरेनियन, चिवावासारख्या छोट्या जातींत तर काही तासांतच. पिल्लू झोकांड्या खायला लागलं, थरथरलं, तर हिरड्यांना बोटानं मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि तसंच उचलून दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला जुलाबांसोबत उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

५. आमचं घर शाकाहारी आहे. ताटातलं काय चालतं आणि काय नाही?

साधा भात, उकडलेला लाल भोपळा, गाजर, थोडं ताजं दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं, हे वरचं खाणं म्हणून ठीक. पण नुसत्या पोळी-भातावर किंवा नुसत्या चिकन-भातावर पिल्लू वाढवू नका. कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडून पाय वाकतात, हाडं ठिसूळ होतात. वाढीच्या वयात पिल्लांसाठीचं तयार खाणं मुख्य असू द्या. ते पूर्ण असतं, म्हणून त्यावर वरून कॅल्शियमचं औषध ओतू नका. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत जादा कॅल्शियमनं सांधे बिघडतात.

अजिबात नको: कांदा आणि लसूण (म्हणजे आपल्या फोडणीची जवळपास प्रत्येक भाजी-आमटी आणि रस्सा), द्राक्षं आणि मनुके-बेदाणे, चॉकलेट, चहा-कॉफी, आणि झायलिटॉल असलेला बिनसाखरेचा च्युइंगगम. शिरा, लाडू, चिवडा यांतले बेदाणे लोकांच्या लक्षातच येत नाहीत. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, तीही नकोत. ग्लुकोज बिस्किटानं जीव जात नाही, पण त्यावर पोट भरलं की ते जेवत नाही. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, हाताला ते गरमच लागतं.

६. रात्रभर रडतं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. रडू द्यावं का?

नको. ते हट्ट करत नाही, आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपतंय. त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी, हात पोचेल इतकं जवळ ठेवा. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून बाजूला, आणि तुमचा वापरलेला, न धुतलेला एक शर्ट. रडलं की हात खाली सोडा, बोलत बसू नका, दिवा लावू नका. रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या तीन तास आधी, शेवटची शू झोपताना, आणि दोन-अडीचच्या सुमारास गजर लावून एकदा उठवा. तेव्हाही फक्त शू, खेळ नाही. बहुतेक पिल्लं तीन ते सात रात्रींत शांत होतात. पुढे त्यानं हॉलमध्ये झोपायला हवं असेल तर अंथरूण रोज दोन-तीन फूट दाराकडे सरकवत न्या.

खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन "आठवडाभर त्रास होईल" एवढं सांगा. त्यानं पुढच्या पुष्कळ तक्रारी टळतात (प्रश्न १४).

७. घरभर शी-शू करतं. किती दिवसांत शिकेल?

तुम्ही नेमानं नेलंत तर सवय काही आठवड्यांत लागते, खात्रीचा भरवसा मात्र चार ते सहा महिन्यांच्या वयात येतो. शू धरून ठेवण्याची कमाल मर्यादा काढायला वयाच्या महिन्यांत एक मिळवा: दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. जागं आणि खेळत असेल तर तासाभरातच.

वेळा ठरलेल्या आहेत: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत, खेळ थांबल्यावर. नीट बघितलं तर शू करण्याआधी ते खेळता खेळता अचानक थांबतं, नाक फरशीला लावून एका जागी घुटमळतं, मग गोल फिरतं. त्या दोन-तीन सेकंदांत उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. ती जागा रोज एकच असू द्या: बाथरूमचा कोपरा किंवा गॅलरीत वर्तमानपत्राचा थर. आधीच्या शूचा थोडा वास असलेला एक कागद तिथं राहू द्या. काम झालं की तिथल्या तिथं, दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि खाण्याचा दाणा. घरात परत आल्यावर दिला तर तो घरात येण्याचा बक्षिसाचा दाणा होतो.

चुकलं तर गप्प पुसा. नाक शूत घासणं, वर्तमानपत्रानं मारणं यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. काळं फिनेल वापरू नका, ओल्या फरशीवर चालून ते पंजे चाटतं. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास शूसारखाच, त्यामुळे त्याच जागी पुन्हा होते.

८. लशी कोणत्या आणि कधी? विकणाऱ्यानं कार्ड दिलं नाही, तोंडी "सगळ्या झाल्यात" म्हणाला.

कार्डावर लशीच्या बाटलीवरचं चिकट लेबल, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का नसेल, तर लस झालीच नाही असं धरून पुन्हा सुरू करा. जादा एक डोस सहसा बाधत नाही, राहिलेला मात्र जीव घेऊ शकतो.

ढोबळ क्रम असा: ६ ते ८ आठवड्यांना डिस्टेंपर, पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, प्रश्न १०), हिपॅटायटिस वगैरेंची एकत्र लस, मग दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. लेप्टोस्पायरोसिसची लस दोन डोसांत, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती चुकवू नये. रेबीज तीन महिन्यांना, वर्षानं पुन्हा. नेमक्या तारखा तुमचे डॉक्टर ठरवतील.

"इतक्या वेळा का?" हेही नेहमी विचारतात. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसही निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून ठरावीक अंतरानं लस देत राहायची, म्हणजे एक तरी योग्य वेळी लागू पडते. शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आधीच संपवला तर संरक्षण अर्धवट राहण्याचा धोका असतो.

९. लस पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचंच नाही का? मग ते घाबरट होणार नाही?

साधारण ३ ते १४ आठवड्यांत पिल्लू जे बघतं ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. हा काळ चार भिंतींत घालवला तर रिक्षा, छत्री, ढोल यांना ते जन्मभर घाबरतं. म्हणून बाहेर न्यायचं, पण कडेवर. जमिनीवर ठेवायचं नाही, अनोळखी कुत्र्यांना नाक लावू द्यायचं नाही. रोज दहा मिनिटं गेटपाशी उभं राहा: स्कूटर, भाजीवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेची बस. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक दाणा. घरात मिक्सर आणि कुकरच्या शिट्टीची सवय आधी दुसऱ्या खोलीतून, मग जवळून. लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरातल्या फरशीवर भेट चालते.

१०. पार्व्हो कसा ओळखायचा? घरी उपचार होतात का?

घरी होत नाहीत. आदल्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं, खाण्याकडे तोंड फिरवतं, मग फेसाळ किंवा पिवळ्या उलट्या, आणि त्यानंतर पातळ, बहुतेकदा रक्ताळलेली शी, जिचा वास एकदा आला की विसरत नाही. वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावा: निरोगी हिरडी ओली, गुलाबी असते. पाणी कमी झालं असेल तर ती चिकट लागते, आणि खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते.

शीच्या नमुन्यावरची किट तपासणी दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांत होते. विषाणू मारणारं नेहमीचं औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक यांवर पिल्लू तगवावं लागतं, बहुधा चार-सात दिवस. "उद्या बघू" ह्यात जाणारे बारा तास फार महाग पडतात.

फिनेल ह्या विषाणूवर भरवशाचं नाही. आधी घाण साबणानं पूर्ण धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग (१०० मिलि ब्लीच, ३ लिटर पाणी), फरशीवर दहा मिनिटं ओलं ठेवून पुसा. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. मातीत ब्लीचचा उपयोग होत नाही आणि विषाणू तिथं वर्षभरही टिकू शकतो. ज्या घरात पार्व्होनं पिल्लू गेलं आहे, तिथं दुसरं आणायचं असेल तर लशी पूर्ण झालेलं, चार महिन्यांवरचंच आणा.

११. खेळताना मुलाच्या हाताला दात लागला. "पिल्लूच तर आहे", इंजेक्शन घ्यायला हवं का?

पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि तीन महिन्यांखालच्या पिल्लाला बहुतेकदा लस झालेलीच नसते. आई लस झालेली होती का हेही घरात कुणाला माहीत नसतं. कातडी खरचटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, तिखट लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयांतही ही लस मिळते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, हे आठवणीनं विचारा. पिल्लाला दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण त्या दहा दिवसांची वाट बघत मुलाची लस लांबवू नका. पिल्लाला काल रेबीजची लस दिली म्हणून आज ते सुरक्षित झालं असंही नाही, प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात.

चावण्याची सवय ही वेगळी गोष्ट. साडेतीन ते सहा महिन्यांत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. हात ओढून घेतला तर ते खेळ समजतं. हात सैल सोडा, खेळ थांबवा, अर्धा मिनिट पाठ फिरवा, मग खेळणं तोंडात द्या. ओला करून फ्रीजरमध्ये गोठवलेला, पीळ दिलेला पंचा छान चालतो. संध्याकाळी अंगात आल्यासारखं धावून चावणारं पिल्लू बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं.

१२. जंत, गोचिडी, अंघोळ?

जंताचं औषध वजनावर देतात: तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. शी लगेच उचला आणि मुलांचे हात धुवा, कारण गोलकृमींची अंडी माणसालाही बाधतात. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, जळती काडी नको. मोठ्या कुत्र्याच्या गोचीड-औषधाचा "थोडासा" डोस पिल्लाला देऊ नका, ते वय आणि वजन बघूनच मिळतं.

अंघोळ पहिला आठवडाभर टाळा, ओल्या फडक्यानं पुसा. नंतर दुपारी, कोमट पाण्यानं, कुत्र्यांच्या शाम्पूनं, आणि कानामागेपर्यंत कोरडं करा. पाण्यात अँटिसेप्टिक टाकू नका.

१३. आम्ही दोघंही नोकरीला जातो. किती वेळ एकटं ठेवता येईल?

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दोन तासांहून जास्त नको, आणि प्रश्न ७ मधला हिशोब लक्षात घेतला तर नऊ तास बंद घरात ठेवणं बसतच नाही. पहिले दोन आठवडे आळीपाळीनं रजा काढा, त्यानंतर दुपारी कुणीतरी येऊन खाणं-शू बघेल अशी सोय करा. आजी-आजोबांवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा. पायात घुटमळणाऱ्या पिल्लामुळे म्हातारं माणूस पडू शकतं. घरी असतानाही एकटं राहायची सवय लावा: एक मिनिट, तीन, दहा, अर्धा तास.

१४. सोसायटीनं "कुत्रा चालणार नाही" अशी नोटीस लावली आहे.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव करूनही नाही. लिफ्ट वापरायला मनाई करणंही त्यात बसत नाही. मात्र तुमच्या बाजूनं महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र, सामाईक जागेत पट्टा आणि शी उचलायची पिशवी ह्या गोष्टी चोख हव्यात. परवाना बहुतेक ठिकाणी रेबीजच्या लशीनंतरच मिळतो, म्हणून तीन महिने झाल्याबरोबर अर्ज करा. उत्तर लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचा करार आधी वाचा, तो वेगळा विषय आहे.

१५. हस्की आणलाय आणि आम्ही नागपूरला राहतो. केस कापून टाकू का?

कापू नका. दोन थरांचा तो कोट उन्हापासूनही वाचवतो, तासला तर कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज विंचरून आतली सुटलेली लव काढा. मार्च ते जूनमध्ये फिरणं पहाटे आणि रात्रीच. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवत नसेल तर पंजेही टेकवू नका. दुपारी कूलर किंवा एसी हा खर्च धरूनच चालायला हवं. जोरजोरात धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि दवाखान्यात न्या.

१६. घरात आधीच एक मांजर आहे.

दोन आठवडे वेगळ्या खोल्या. दोघांची फडकी अदलाबदल करा म्हणजे वास ओळखीचा होतो. मग पिल्लू दोरीवर, मांजराला चढून बसायला उंच जागा, पाच मिनिटांची भेट. शिडी किंवा कपाट मांजरासाठी नेहमी मोकळं ठेवा.

१७. महिना झाला, खरंच जमत नाही. काय करावं?

आधी बघा, न जमण्याचं कारण वयानं सुटणारं आहे का. चावणं, शू, रात्रीचं रडणं सहा महिन्यांपर्यंत बरंच निवळतं. घरातल्या कुणाची तीव्र अॅलर्जी, घरात कुणीच नसणं, खर्च न झेपणं हे वयानं सुटत नाही. अशा वेळी निर्णय लवकर घ्या. चार महिन्यांच्या पिल्लाला नवं घर मिळणं दीड वर्षाच्या कुत्र्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

रस्त्यावर, मंदिरापाशी किंवा शेतावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. घरात वाढलेलं पिल्लू वस्तीतल्या कुत्र्यांपुढे टिकतही नाही. ओळखीत विचारा, डॉक्टरांच्या दवाखान्यात चिठ्ठी लावा, जवळच्या प्राणी-संस्थेशी बोला. नव्या घरी स्वतः जाऊन गॅलरी, गेट, दिवसभर कोण असतं ते बघा. देताना लशीचं कार्ड, पुढच्या डोसाची तारीख, दहा दिवस पुरेल इतकं नेहमीचं खाणं, खाण्या-शूच्या वेळांचा कागद, आणि ते ज्यावर झोपत होतं ती गोधडी न धुता द्या.